रंग काढायच्या केमिकलने कोयत्याचं ‘पाणी’ उतरतं का? खरा धोका आहे वेगळ्याच ठिकाणी!

खंडेनवमी जवळ आली की कोकणातल्या घरांत माळ्यावरची हत्यारं खाली उतरतात. कोयता, कुऱ्हाड, पारई, करवत, विळी. हळदकुंकू लागायच्या आधी सगळ्यांची साफसफाई होते. आणि त्या ढिगात हमखास एखादा असा कोयता निघतो, ज्याच्या अंगावर हिरव्या नाहीतर लाल ऑइलपेंटचे दोन-तीन थर बसलेले असतात. कधीतरी दाराला रंग मारून डब्यात थोडा उरला होता, कोयत्याला गंज धरू नये म्हणून कुणीतरी त्याच्यावरही ब्रश फिरवला. काम झालं!

आता तोच कोयता पुन्हा वापरायचा आहे. पॉलिशपेपरने घासून हात दुखतात, रंग काही सुटत नाही. मग कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून ‘पेंट रिमूव्हर’चा डबा आणतं. आणि तेवढ्यात ओटीवरून आवाज येतो, “केमिकल लावू नको रे, पाणी उतरतला त्येचा!”

आरोंद्यासारख्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सावंतवाडी तालुक्याच्या टोकाला, तेरेखोल खाडीच्या काठावर हे गाव वसलं आहे. पलीकडच्या काठावर गोव्याचा पेडणे तालुका. माड, पोफळी, काजू, फणस आणि खाडीचे मासे, यातल्या प्रत्येक कामात पातं लागतं. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माडावर चढणाऱ्या माणसाचं पातं वर गेल्यावर तुटलं किंवा बोथट निघालं, तर त्याचा दिवस वाया जातोच, पण जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे ओटीवरची ती शंका रास्त आहे. फक्त तिचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे.

आधी हे ‘पाणी’ म्हणजे काय ते बघू

गावचा लोहार जो कोयता घडवतो, तो बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेला असतो. या पाट्याच्या पोलादात कार्बनचं प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर असतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण सगळी करामत या एवढ्याशा कार्बनची आहे.

पातं भट्टीत लालबुंद, म्हणजे साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतात. तापलेल्या लोखंडात विरघळलेल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाच्या अणूंच्या रचनेत अडकून बसतो, ती रचना ताणली जाते आणि पोलाद कमालीचं कडक होतं. इतकं कडक की हातातून पडलं तर काचेसारखं तडकावं. म्हणून लोहार ते पुन्हा थोडं तापवतो. यावेळी लाल होईपर्यंत नाही, तर साधारण २०० ते ३०० अंशांपर्यंतच. पात्यावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. अनुभवी लोहार थर्मामीटर न लावता या रंगांवरून कुठे थांबायचं ते ओळखतो. या दोन्ही क्रिया मिळून ‘पाणी देणं’ होतं.

म्हणजे पाणी हा पात्यावर दिलेला लेप नव्हे. ती पोलादाच्या आतली रचना आहे, आणि ती बदलायची तर पोलाद पुन्हा तापवावं लागतं. दुकानातला रिमूव्हर थंडगार असतो. तो पात्याच्या आत शिरत नाही आणि कार्बनला हलवतही नाही. त्यामुळे ‘केमिकलने पाणी उतरतं’ ही समजूत शब्दशः घेतली तर चुकीची आहे.

मग ती आली कुठून? बहुधा रंग काढायच्या दुसऱ्या एका पद्धतीवरून. ती म्हणजे जाळणं. रंग लावलेलं पातं चुलीत घालून किंवा ब्लोटॉर्चच्या ज्योतीवर धरून रंग जाळून टाकणं हा गावोगावचा जुना उपाय आहे. रंग पटकन जातो, पण त्याबरोबर पाणीही जातं. धारेजवळचं पातं पातळ असल्यामुळे तिथे काही सेकंदांत तापमान ४००-५०० अंशांच्या पुढे जातं. नंतर कितीही धार लावा, चार माडांवर ती बसते. हल्ली मिळणाऱ्या हीट गनचंही तेच. तिच्या तोंडातून निघणारी हवा ५०० अंशांच्या आसपास असू शकते. घासताना पात्यावर निळी झाक दिसली, तर तेवढ्या भागाचं पाणी उतरायला लागलं असं समजा.

रिमूव्हर रंगाला कसा सोडवतो?

ऑइलपेंट सुकतो तेव्हा त्यातल्या तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं. म्हणूनच सुकलेला रंग पाण्याने किंवा रॉकेलने विरघळत नाही. बाजारातल्या जोरकस रिमूव्हरमध्ये वर्षानुवर्षं एकच द्रव मुख्य राहिला आहे, तो म्हणजे डायक्लोरोमिथेन, अर्थात मिथिलीन क्लोराइड. याचे रेणू खूप लहान असतात. ते रंगाच्या जाळ्यात घुसतात, आणि पाण्यात टाकलेला साबुदाणा फुगावा तसा रंगाचा थर फुगतो. तो पसरू पाहतो, पण खालून धातूला चिकटलेला असतो. शेवटी तो सुटतो आणि सुरकुत्या पडून वर येतो. तुम्ही फक्त खरवडायचं.

पोलादात असं जाळं नसतंच. तिथे अणूंना धरून ठेवणारा बंध वेगळ्या जातीचा आहे, त्यात हे रेणू घुसू शकत नाहीत. याचा सोपा पुरावा म्हणजे कारखान्यांत डायक्लोरोमिथेन लोखंडी पिंपांतूनच येतं-जातं. ते लोखंड खात असतं तर पिंप कसं टिकलं असतं?

हीच कसोटी दुसऱ्या रिमूव्हरलाही लावता येते. कॉस्टिक सोडा. त्याचं गार द्रावण लोखंडी टाकीत ठेवलेलं चालतं, कारण अल्कलीमध्ये लोखंडावर एक अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि आतलं लोखंड सुरक्षित राहतं. सिमेंटमधली सळई वर्षानुवर्षं गंजत नाही तीही याच कारणाने, सिमेंट अल्कलीयुक्त असतं. काही चाकूंच्या पात्यांवर काळसर ‘ब्लॅक ऑक्साइड’ फिनिश दिसतं ना, तेही पातं कडक गरम कॉस्टिक सोड्याच्या आणि नायट्रेटच्या द्रावणात बुडवूनच चढवतात. आपल्या आज्यांनी विळीचं पातं राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासलं, त्या राखेतही अल्कलीच होती. फक्त सौम्य.

आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड? ते उघड्या लोखंडी पिंपात कुणी भरत नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये किंवा आतून रबर लावलेल्या टाकीतच भरतात. खरी गडबड इथून सुरू होते.

पोलादाचा खरा शत्रू: ‘फरशीचं ॲसिड’

रिमूव्हर महाग पडतो, लगेच मिळत नाही, किंवा रंगाखाली गंजही असतो. मग घरातच असलेली फरशी धुण्याची ॲसिडची बाटली उघडली जाते. “गंज पण जाईल, रंग पण जाईल.” हे ॲसिड रंगाला फारसं काही करत नाही. ते रंगाच्या भेगांतून खाली शिरतं आणि लोखंड खायला लागतं. लोखंड विरघळलं की वरचा रंग आपोआप सुटतो, आणि माणसाला वाटतं, काय मस्त काम केलं ॲसिडने!

धारेची टोकाची कड मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी इतकी पातळ असते. पात्याच्या जाड पाठीवरून तेवढा थर गेला तर कुणाला कळणारही नाही, पण धारेवरून गेला तर धारच गेली. शिवाय ॲसिड सगळीकडे सारखं खात नाही. जिथे आधी गंजाचा ठिपका होता तिथे ते खोल खड्डा करतं. पुढे त्याच खड्ड्यात ओल साचते आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो.

याहून लबाड प्रकार डोळ्यांना दिसत नाही. ॲसिड आणि लोखंडाची क्रिया झाली की हायड्रोजन तयार होतो. बराचसा बुडबुड्यांतून उडून जातो, पण थोडा अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पाणी दिलेलं कडक पोलाद आधीच ताणलेलं असतं, त्यात हा हायड्रोजन बसला की ते ठिसूळ होतं. बाहेरून पातं छान चकचकीत दिसतं आणि जोराचा घाव बसला की तडकतं. अभियंत्यांमध्ये हा प्रकार चांगलाच बदनाम आहे. म्हणूनच उच्च ताकदीच्या बोल्टवर मुलामा चढवल्यानंतर ते काही तास साधारण २०० अंशांवर भाजतात, म्हणजे आत शिरलेला हायड्रोजन बाहेर पडतो.

आता लगेच घाबरून जाऊ नका. पाच मिनिटं लिंबू किंवा चिंच चोळल्याने कुणाचा कोयता ठिसूळ होत नाही. लिंबातलं आणि चिंचेतलं ॲसिड सौम्य असतं, हलका गंज काढायला ते पुरतं. प्रश्न आहे तो रात्रभर ॲसिडमध्ये बुडवून ठेवण्याचा. म्हणजे ‘पाणी उतरतं’ हे वाक्य ॲसिडच्या बाबतीत अगदीच खोटं म्हणता येत नाही. पोलाद मऊ पडत नाही, पण बिघडतं. आजोबांनी कोणत्या केमिकलने बिघडलेला कोयता पाहिला होता, यावर त्यांचं म्हणणं बरोबर की चूक ते ठरतं.

ॲसिडची आणखी एक खोड कुणी सहसा सांगत नाही. बाटलीचं झाकण नीट बसलं नसेल तर त्यातून निघणारी वाफच आजूबाजूच्या लोखंडाला गंजवते. ॲसिडची बाटली आणि कोयते एकाच खोपीत ठेवले असतील, तर ‘हल्ली हत्यारं फार गंजतात’ या तक्रारीचं उत्तर तिथेच, फळीवर आहे.

स्टेनलेस स्टीलची सुरी असेल तर? तिला क्रोमियमच्या अदृश्य ऑक्साइड थराचं संरक्षण असतं. साधा रिमूव्हर तिला काही करत नाही. पण हायड्रोक्लोरिक ॲसिडमधलं क्लोराइड नेमकं त्याच थराला भोक पाडतं आणि सुरीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ‘स्टेनलेस’ला ॲसिडचं भय नाही हा निव्वळ गैरसमज आहे.

रंग निघाला, आता खाडीचा वारा

समजा रिमूव्हर योग्य निवडला, रंग सुंदर निघाला, खालून पांढरंशुभ्र पोलाद आलं. धुऊन उन्हात ठेवलं आणि जेवायला गेलात. परत येऊन बघता तर पात्यावर तांबूस झाक! ‘बघ, केमिकलने कोयता खाल्ला’ असं घरात जाहीर होतं.

खरं तर केमिकलने काही खाल्लेलं नसतं. रंगाबरोबर त्याने पात्यावरचं तेल, मेण, जुना काळपट थर असं सगळंच काढलेलं असतं. उघडं, कोरडं, बिनातेलाचं पोलाद आणि पाण्याचा थेंब यांची गाठ पडली की गंज यायला तासभरही पुरतो.

त्यात आरोंदा खाडीकाठी. समुद्राच्या हवेतले मिठाचे सूक्ष्म कण प्रत्येक वस्तूवर बसतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ओलं होतं, हे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाकडे बघून प्रत्येक गृहिणीला माहीत असतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते जेमतेम ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढून घेतं. इतकी कोरडी हवा कोकण किनाऱ्यावर क्वचितच असते. म्हणजे हाताला कोरडं वाटणारं पातंही प्रत्यक्षात खारट पाण्याच्या अतिशय पातळ पापुद्र्याखाली असतं. घाटावर जो कोयता आठवडाभर तसाच राहील, तो इथे एका रात्रीत लाल होतो.

म्हणून रंग काढल्यावर पातं भरपूर गोड्या पाण्याने धुवा, लगेच फडक्याने कोरडं करा, थोडं ऊन दाखवा आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. खाण्याच्या कामाच्या सुरीला किंवा विळीला खोबरेल चालतं. नुसतं ठेवणीतलं हत्यार असेल तर ग्रीस उत्तम. काही रिमूव्हरमध्ये द्रव पटकन उडून जाऊ नये म्हणून मेण मिसळलेलं असतं. ते साबणाने नीट निघालं नाही तर तेलही धड बसत नाही आणि नवा रंगही.

केळफूल, कच्ची सुपारी, कैरी किंवा काजूची बोंडं कापून पात्यावर जो काळा-निळा डाग चढतो, तो रिमूव्हरने जात नाही. तो रंग नव्हेच. फळातल्या टॅनिनची आणि लोखंडाची ती जोडगोळी आहे, आणि ती थोडंफार संरक्षणच करते. घासून काढायचा हट्ट धरू नका.

मूठ, रिबिटा आणि पावसाळ्यातली काडतुसं

पातं टिकलं तरी मूठ टिकेलच असं नाही. कॉस्टिक सोडा लाकूड काळं पाडतो आणि त्याचे तंतू पोकळ करतो. डायक्लोरोमिथेन मुठीवरचं लाखेचं किंवा व्हार्निशचं पॉलिश तर नेतंच, शिवाय लाकडात आणि मुठीच्या फटीत मुरून राहतं. बऱ्याच प्लास्टिकच्या मुठी त्यात चिकट होऊन विरघळतात. विळीचा, म्हणजे तळकोकणात आणि गोव्यात जिला आदोळी म्हणतात तिचा, लाकडी पाटही याला अपवाद नाही. ज्यावर बसून रोज मासळी आणि भाजी चिरायची, त्या लाकडात असला द्रव मुरू देणं शहाणपणाचं नाही. पातं सुटं करता येत असेल तरच रिमूव्हरचा विचार करावा.

ॲल्युमिनियमच्या रिबिटा किंवा मूठ असेल तर कॉस्टिक सोडा अजिबात नको. दोघांची क्रिया जोरात होते, उष्णता निघते आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. ॲल्युमिनियमच्या टोपात कॉस्टिक सोडा कालवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

पितळी रिबिटांची गोष्ट मात्र मजेशीर आहे. काही रिमूव्हरमध्ये जोर वाढवायला अमोनिया घालतात. अमोनियाचं आणि पितळेचं वैर जगाला कळलं ते भारतातल्या पावसाळ्यामुळे! ब्रिटिश फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवायच्या आणि दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवायच्या. पाऊस संपून पेट्या उघडल्या की पितळेची कितीतरी काडतुसं आपोआप तडकलेली निघायची. ऋतूशी संबंध म्हणून इंग्रजीत या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असंच नाव पडलं. कोडं सुटलं ते १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस घडवताना पितळेत राहिलेला ताण, यांनी मिळून ते पितळ फोडलं होतं. ठोकून बसवलेल्या रिबिटीतही तसाच ताण असतो.

पातं वाचेल हो, पण माणूस?

इतका वेळ पोलादाचं काय होतं ते पाहिलं. पण रंग काढायच्या या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त धोक्यात असतो तो कोयता हातात धरलेला माणूस, आणि डब्यावरच्या बारीक अक्षरांत हे कुणी वाचत नाही.

डायक्लोरोमिथेन साधारण ४० अंशांलाच उकळतं. मे महिन्याच्या दुपारी उन्हात राहिलेला डबा उघडला की आतला द्रव फसकन उडतो. त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते, त्यामुळे ती बंद खोलीत जमिनीलगत साचते, म्हणजे नेमकी खाली बसून काम करणाऱ्याच्या नाकाशी. आधी डोकं हलकं होतं, गुंगी येते, आणि जास्त झालं तर श्वास थांबू शकतो. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करतं. बंद गाडीत किंवा शेगडीच्या धुराने माणसं दगावतात तोच हा वायू, फक्त इथे तो शरीराच्या आतच तयार होतो. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांना हा धोका आणखी मोठा.

अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना रंग काढताना याच द्रवाने १३ कामगारांचा जीव गेल्याची नोंद तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने केली. हे नवशिके नव्हते, रोज हेच काम करणारी माणसं होती. बाथरूमची जागा लहान, हवा बंद आणि वाफ जड. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेने घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आणली आणि २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक इतर वापरांवरही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था या रसायनाला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता दाट’ अशा गटात ठेवते.

“हातमोजे घातले की झालं” असं म्हणाल, तर साधे रबरी किंवा डॉक्टर वापरतात ते निळे हातमोजे हा द्रव काही मिनिटांत पार करतो. हातमोजा घातलाय म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि आत कातडी भाजत असते.

जवळ चूल पेटलेली असेल तर आणखी एक संकट. या वाफेचा जाळाशी किंवा लालबुंद धातूशी संबंध आला की हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन हे वायू तयार होतात. फॉस्जीन पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरलं गेलं होतं. तेव्हा परसात रिमूव्हर लावायचा आणि बाजूला चुलीवर पाणी तापत ठेवायचं, असं कधीही करू नका. विडी-सिगारेटसुद्धा नाही.

शिवाय खुद्द जुना रंग! भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या चकचकीत ऑइलपेंटमध्ये, विशेषतः लाल, पिवळ्या आणि हिरव्यात, शिसं भरपूर असू शकतं. माळ्यावरच्या कोयत्याचा रंग बहुधा त्याच काळातला. तो कोरडा घासला किंवा जाळला की शिसं धुळीतून, धुरातून फुफ्फुसात जातं, आणि अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणजे केमिकल टाळून पॉलिशपेपर घेतला तरी सुटका नाही. घासायचंच असेल तर पाणी लावून ओलं घासा.

मग रंग काढायचा कसा?

कोयत्याएवढ्या वस्तूसाठी सगळ्यात कमी भानगडीचा उपाय जुनाच आहे. एखादं निकामी लोखंडी पातेलं घ्या, ज्यात पुन्हा कधीच काही शिजवायचं नाही. त्यात पाणी आणि दोन-तीन मुठी धुण्याचा सोडा घाला. उघड्यावर ठेवून उकळा आणि पातं अर्धा-पाऊण तास त्यात राहू द्या. धुण्याच्या सोड्याची सौम्य अल्कली आणि उष्णता मिळून जुना ऑइलपेंट सोडवतात, मग तो लाकडी पट्टीने खरवडला जातो. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि लोहाराने पातं २०० अंशांच्या पुढे तापवून पाणी पक्कं केलेलं असतं, त्यामुळे पाणी उतरायची भीती नाही. मूठ मात्र पाण्याबाहेर ठेवा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. नव्या कारखानी चाकूंवरचा भाजून चढवलेला पावडर कोटिंगचा लेप याने निघणार नाही. अशा लेपाचा चाकू तसाच वापरणं बरं.

कॉस्टिक सोडाच वापरायचा ठरवलं, तर सोडा नेहमी गार पाण्यात थोडा थोडा टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. एकदम उष्णता निघून ते उसळतं. अंगावर उडालं तर लिंबू किंवा व्हिनेगर लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर धुवत धुवतच दवाखाना गाठा.

अनेकदा तर रंग काढायची गरजच नसते. पात्याच्या पाठीवरचा रंग कुणाला खातो? लोहाराकडे नेऊन धारेकडची दोन बोटं जागा पाणी मारत घासून घेतली की कोयता कामाला तयार होतो. उरलेला रंग खाडीच्या वाऱ्यापासून त्याला राखतच असतो. विळीचं मात्र तसं नाही, तिच्या खाण्याला लागणाऱ्या पात्यावर जुना रंग राहता कामा नये.

आणि शेवटी हातात उरतं ते खरवडलेल्या रंगाचं आणि द्रवाचं चिखलासारखं मिश्रण. ते परसातल्या माडाच्या मुळाशी ओतायची सवय असते. तळकोकणातला जांभा दगड सच्छिद्र असतो, वर ओतलेलं झिरपत विहिरीपर्यंत जायला वेळ लागत नाही. डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे विहिरीत गेलेला त्याचा थेंब वर तरंगून दिसत नाही, तळाशी जातो. खाडीत ओतलं तर तिथे कांदळवनाच्या चिखलात कालवं आणि तिसऱ्या असतात, त्याच पुढे ताटात येतात. म्हणून तो गाळ जुन्या वर्तमानपत्रावर पसरा, मुलं आणि गुरं पोचणार नाहीत अशा उघड्या जागी पूर्ण सुकू द्या, झाकणाच्या डब्यात भरा आणि ग्रामपंचायतीच्या सुक्या घातक कचऱ्यात वेगळा द्या. जाळू मात्र नका. तो पातेल्यातला सोडा आणि खरवडण्याची पट्टीही त्याच डब्याच्या शेजारी ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका.